लिंबूटिंबूवर राज्य: सत्तेचाळीस मिनिटांच्या कामाच्या नोंदी

2 मे

आराखडा पक्का झाला. बॉक्सिंगमधली किताबाची लढत बारा फेऱ्यांची. फेरी तीन मिनिटांची, दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती. 36 आणि 11, एकूण 47 मिनिटं. आपला श्राव्य कार्यक्रमही तेवढाच आणि तसाच कापलेला. तीन मिनिटं गोष्ट, घंटा, मिनिटभर नुसते कॉर्नरचे (रिंगच्या ज्या कोपऱ्यात बॉक्सरला त्याची माणसं सावरतात तिथले) आवाज, पुन्हा घंटा. विषय: ज्यांना कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं अशा बॉक्सरांना अवचित मिळालेली विश्वविजेतेपदाची लढत.

मी लिहिणार आणि वाचणार, मैत्रीण ध्वनीचं बघणार, सर तपासून देणार. सर म्हणजे ज्यांच्याकडे मी दोन वर्षं ठोसे खायला शिकलो ते. मारायला शिकायच्या आत मी सोडलं.

तात्पुरतं नाव 'नशिबाचा फोन'. सरांना नाव आवडलेलं नाही. का, ते सांगत नाहीत. "लिही आधी, मग बघू."

4 मे

घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिलं. तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द बसतात, तेही धाप न लागता वाचलं तर. पहिला मसुदा नऊशे शब्दांचा आहे. हेवीवेट, लाइट हेवीवेट, सुपर बँटमवेट ही वजनगटांची नावंच अर्धी फेरी खाऊन जातात. किलो-पौंडांचे आकडे जिथे नडतील तिथेच ठेवायचे.

मैत्रीण म्हणाली, तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. तिला कुणासमोर ग्लोव्ह्ज घालून उभं करायला हवं.

9 मे

कार्यक्रमाच्या पहिल्या दोन फेऱ्या जेम्स ब्रॅडॉकच्या. 'गोदीतला हमाल जगज्जेता झाला' एवढंच मला ठाऊक होतं आणि मी तसंच लिहायला बसलो होतो. तारखा मांडल्यावर गोष्ट वेगळीच निघाली.

1929 च्या जुलैमध्ये त्याला किताबाची एक संधी मिळून गेलेली होती. लाइट हेवीवेटला टॉमी लॉफ्रनने त्याला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. मग मंदी आली, उजवा हात पुन्हा पुन्हा मोडला, लढती मिळेनात आणि घर सरकारी मदतीवर चालू लागलं. गोदीत काम मिळेल त्या दिवशी ओझी ओढायची. मोडका उजवा वापरता येईना, म्हणून डाव्या हाताने ओढायची. आतापर्यंत नुसता सोबतीला असलेला डावा हात त्यात तयार झाला. कुणी ठरवून दिलेला हा व्यायाम नव्हता.

14 जून 1934 ला प्रिमो कार्नेरा आणि मॅक्स बेअर यांच्या किताबी लढतीआधीच्या एका लढतीत बदली माणूस हवा होता. समोर होता कॉर्न ग्रिफिन. त्याचं नाव तेव्हा वर चढवणं चाललं होतं आणि त्यासाठी ओळखीचं, थकलेलं कुणीतरी पायरीला लागत होतं. ब्रॅडॉकला दोन दिवस आधी सांगितलं. दुसऱ्या फेरीत तो खाली पडला, तिसऱ्या फेरीत त्याने ग्रिफिनला संपवलं. मग नोव्हेंबरात जॉन हेन्री लुईस, पुढच्या मार्चमध्ये आर्ट लास्की. आणि 13 जून 1935 ला, लाँग आयलंड सिटीच्या त्याच मैदानात, पंधरा फेऱ्या लढून मॅक्स बेअरकडून जगाचा हेवीवेट किताब. पायरी म्हणून लढल्याला एक वर्ष पुरं व्हायला एक दिवस बाकी होता.

सरकारकडून घेतलेली मदत त्याने नंतर परत केली. हे वाक्य मी तीनदा लिहिलं आणि तीनदा काढलं. ऐकताना कीर्तन होतं त्याचं. शेवटी ठेवलं, पण विशेषणांशिवाय.

10 मे

सरांचा निरोप: "ग्रिफिनवाली जागा लांबव. बेअर सगळ्यांना माहितीये."

बरोबर आहे. बेअरला दिलेले 120 शब्द 60 वर आणले.

16 मे

कॉर्नरचे आवाज ध्वनिमुद्रित करायला सरांच्या जुन्या हॉलमध्ये गेलो. सकाळी सहाला, कारण आठनंतर पोरं येतात आणि स्किपिंग सुरू होतं.

सर्वांत छान आलं हाताला पट्टी बांधणं. सरांनी माझाच हात घेतला. अंगठ्याला फास, मनगटाला तीन वेढे, मग बोटांच्या मधून एकेक वेढा, मग गाठींवर घडी. दर वेढ्याला "बोटं पसर" म्हणायचे आणि मी पसरायचो. माइक मनगटापासून वीतभर. कापड ओढलं जाताना जो करकर आवाज येतो तो इतका स्वच्छ आलाय की मैत्रीण तो कार्यक्रमाच्या सुरुवातीला हवाच म्हणते. मध्येच सर म्हणाले, "अजून मूठ नीट वळत नाही तुझी." ते कापायचं आहे. ती म्हणते, ठेवायचं. वाद चालू.

स्टूल रिंगमध्ये सरकवण्याचा आवाज वाईट आला. बाथरूममध्ये कुणी बादली ओढतंय असा. परत घ्यावा लागेल.

आणखी एक: मिनिटाची विश्रांती पूर्ण मिनिटाची नसते. बॉक्सर चालत कोपऱ्यात येतो, बसतो, शेवटचे दहा सेकंद उरले की कॉर्नरच्या माणसांना बाहेर पडायची खूण होते. पाणी, बर्फ, व्हॅसलिन, बोलणं हे सगळं चाळीस सेकंदांत. सर म्हणतात, त्या वेळात एकच गोष्ट सांगायची. दोन सांगितल्या तर तो दोन्ही विसरतो.

21 मे

वेपनर. चौथी आणि पाचवी फेरी.

चक वेपनर, वय 36, दारूच्या दुकानांना माल विकणारा सेल्समन, चेहरा इतका लवकर फाटणारा की टोपणनावच 'बेयॉनचा रक्ताळणारा' (बेयॉन हे त्याचं गाव). 24 मार्च 1975, रिचफील्ड, ओहायो, समोर मोहम्मद अली. ऑक्टोबर 1974 मध्ये जॉर्ज फोरमनला हरवून अलीने किताब परत मिळवला होता आणि त्यानंतरची ही पहिली लढत फार त्रास न होता पार पडावी असा सगळा बेत. अलीला 15 लाख डॉलर, वेपनरला एक लाख. त्या एका लाखातली खरी किंमत म्हणजे नोकरी बाजूला ठेवून दिवसभर सराव करता येणं. ते त्याला पहिल्यांदाच मिळालं.

नवव्या फेरीत अली खाली बसला. माझा पाय त्याच्या पायाखाली आला होता, असं अली म्हणाला. ठोसा की पाय हा वाद मी सोडवत बसणार नाही. मला ओढ आहे ती शेवटाची. पंधरावी फेरी, शेवटची, आणि फक्त 19 सेकंद उरलेले असताना रेफरीने लढत थांबवली. 15 फेऱ्यांची लढत विश्रांती धरून 59 मिनिटांची. त्यातली 58 मिनिटं 41 सेकंद तो होता.

कल्पना: वेपनरची दुसरी फेरी 2 मिनिटं 41 सेकंदांना तोडायची. वाक्याच्या मध्यात. पुढचे 19 सेकंद काही नाही, मग घंटा. मैत्रीण एकदम हो म्हणाली. ऐकणाऱ्याला वाटेल फोन बंद पडला. वाटू दे.

(याच लढतीवरून पुढे एक अतिप्रसिद्ध सिनेमा सुचला. त्याचा उल्लेख करायचा नाही असं ठरवलंय. तो शिरला की वेपनर बाहेर.)

24 मे

भाषेची गंमत. लिहिताना मी सगळीकडे रेफरीला 'पंच' लिहिलं होतं, मराठीच शब्द आहे म्हणून. आणि जॅब, हूक यांच्या रांगेत ठोशालाही एका ठिकाणी 'पंच'. वाचताना वाक्य आलं: "पंचाने पंच पाहिलाच नाही." मैत्रीण हसून खुर्चीतून पडली. आता माणूस तो रेफरी, मारतात तो ठोसा. भाषाशुद्धीवाल्यांनी माफ करावं.

'अंडरडॉग'ला शब्द हवाच होता. दुबळा, कमकुवत, उपेक्षित, सगळे निबंधातले. मग 'लिंबूटिंबू' सुचला आणि मी खूश. खेळायला घेतलेलं लहान पोर, पळतं सगळ्यांबरोबर, पण त्याच्यावर राज्य येत नाही. सरांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, "लिंबूटिंबूला कुणी आऊट करत नाही रे. याला जिवानिशी मारतात." शब्द एकदाच वापरायचा, टोकियोच्या फेरीत, जिथे लिंबूटिंबूवर खरंच राज्य आलं.

30 मे

टोकियो. 11 फेब्रुवारी 1990. बस्टर डग्लस आणि माइक टायसन.

टायसन 37 लढती खेळलेला, 37 जिंकलेला. लास व्हेगासच्या मिराज कॅसिनोने डग्लसवर 42 ला 1 असा भाव लावला होता. बाकीच्या बऱ्याच जणांनी भाव लावायचीच तसदी घेतली नाही. पुढची टायसन-होलीफील्ड लढत आधीच आखलेली, डग्लस म्हणजे मधलं स्टेशन. त्याची आई लढतीच्या तेवीस दिवस आधी गेली. लोक इथेच थांबतात: आईसाठी लढला. असेल. पण टेप पुन्हा पाहताना मला दिसतो तो त्याचा जॅब, पुढच्या हाताचा सरळ ठोसा. पहिल्या फेरीपासून, लांबून, न चुकता. दुःखाने जॅब सुधारत नाही, त्याला सराव लागतो. 1987 मध्ये याच डग्लसने टोनी टकरसमोर किताबाची एक लढत दहाव्या फेरीत घालवली होती. म्हणजे हाही पहिल्यांदा बोलावलेला नव्हता. ब्रॅडॉकसारखंच.

आज तीन तास आठव्या फेरीच्या शेवटावर गेले. टायसनचा अपरकट, खालून वर येणारा ठोसा, लागतो, डग्लस पाठीवर पडतो आणि पडल्यापडल्या मूठ जमिनीवर आपटतो, स्वतःवरच चिडल्यासारखी. आम्ही पडल्यापासून उठेपर्यंत घड्याळ लावलं. चार वेळा. चारही वेळा दहा सेकंदांच्या पुढे, म्हणजे एरवी बाद. पण रेफरीने स्वतःची मोजणी उशिरा सुरू केली होती आणि त्याच्या नऊला डग्लस उभा होता. बॉक्सरने ऐकायचं असतं ते रेफरीच्या तोंडचं. त्या मोजणीवरून नंतर गदारोळ झाला, किताब देणाऱ्या दोन संघटनांनी डग्लसचा किताब काही दिवस अडवून धरला आणि मग सोडला. दहाव्या फेरीत टायसन जमिनीवर हाताने आपला माउथगार्ड शोधतोय, हे दृश्य आवाजात कसं आणायचं? नाही येत. नुसतं सांगितलं.

विश्रांतीच्या मिनिटासाठी मात्र घबाड मिळालं. टायसनचा डोळा सुजत होता आणि त्याच्या कॉर्नरकडे सूज दाबायचा तो गार लोखंडी तुकडाच नव्हता. रबरी हातमोज्यात बर्फाचं पाणी भरून त्यांनी डोळ्यावर धरलं. जगज्जेत्याचा कॉर्नर! आम्ही तसा मोजा भरला, गाठ मारली आणि माझ्या गालावर दाबून माइक लावला. रबर कातडीवर किरकिरतं आणि आत पाणी डुचमळतं. ऐकणाऱ्याला कळणार नाही काय आहे ते, पण काहीतरी बिनसलंय एवढं नक्की कळेल. गाठ सुटून मिक्सरवर पाणी सांडलं. मिक्सर वाचला.

4 जून

अँडी रुईझ आणि मॅनी पॅक्याव एकाच फेरीत कोंबले आणि ते बरंच झालं.

2019 च्या एप्रिलमध्ये अँथनी जोशुआचा ठरलेला प्रतिस्पर्धी उत्तेजक चाचणीत सापडला. रुईझने जोशुआच्या प्रवर्तकाला, म्हणजे त्याच्या लढती भरवणाऱ्याला, इन्स्टाग्रामवर निरोप धाडला: मला घ्या. 20 एप्रिललाच तो एक लढत जिंकून बाहेर आला होता. 1 जूनला न्यूयॉर्कमध्ये जोशुआसमोर उभा. मधे 42 दिवस. तिसऱ्या फेरीत आधी रुईझ पडला, मग त्याच फेरीत जोशुआ दोनदा, सातव्या फेरीत पुन्हा दोनदा, खलास. लोक त्याच्या पोटावर हसत होते. त्याचे हात किती भराभर चालतात ते कुणी पाहिलं नाही.

पॅक्याव 2001 च्या जूनमध्ये दोन आठवड्यांच्या सूचनेवर सुपर बँटमवेटचा विजेता लेड्वाबा याच्यासमोर गेला आणि सहाव्या फेरीत त्याने किताब घेतला. अमेरिकेत कुणी ओळखत नव्हतं म्हणून तो 'अज्ञात'. त्याआधी फ्लायवेट या हलक्या वजनगटाचा जगज्जेता होऊन गेलेला होता!

हे वाचून दाखवलं तेव्हा सर बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी स्वतःचं सांगितलं, जे मी दोन वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. एका अंतिम लढतीतला माणूस आजारी पडला आणि तीन दिवस आधी त्यांना निरोप आला. वजन चार किलो जास्त. हो म्हणाले. अंगावर प्लास्टिक चढवून धावले, शेवटचा दिवस पाण्याविना काढला. "काट्यावर बसलो बरोब्बर. सगळ्यांनी पाठ थोपटली. दुसऱ्या फेरीत पाय नव्हतेच माझे. मला बोलावणाऱ्याला ठाऊक होतं मी चार किलो वर आहे ते. म्हणून तर बोलावलं."

नाव का आवडलं नव्हतं ते आता कळलं. फोन नशिबाचा नसतो, हिशेबाचा असतो. जो बरा लढेल आणि हरेल असा वाटतो त्याला तो जातो. हिशेब चुकतो तो आधीच्या महिन्यांमुळे, ज्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं: गोदीतला डावा हात, 20 एप्रिलची लढत. 'नशिबाचा फोन' कापला. आता कार्यक्रमाला नाव नाही.

6 जून

दहावी फेरी 'नंतर काय झालं' अशी. झटपट लिहून झाली. डग्लस आठ महिन्यांनी होलीफील्डसमोर टोकियोपेक्षा सुमारे साडेसहा किलो जड होऊन आला आणि तिसऱ्या फेरीत आडवा झाला. रुईझ सहा महिन्यांत सात किलो वाढवून आला आणि गुणांवर हरला. ब्रॅडॉक दोन वर्षांनी जो लुईसकडून हरला, पण शहाणा निघाला: हरलो तर लुईसच्या प्रवर्तकाच्या नफ्यातले दहा टक्के दहा वर्षं मला, असा करार आधीच करून ठेवला होता. हिशेब त्यालाही येत होता.

11 जून

आजचा दिवस वाईट.

बारावी फेरी रिकामी होती. तिथे 'समारोप' लिहिणार होतो. सरांनी सहज विचारलं, "ब्रॅडॉक पंधरा फेऱ्या लढला, वेपनर पंधरा. तुझा कार्यक्रम बाराचा का?" मी म्हटलं, आता बाराच असतात ना. "का असतात?"

उत्तर मला माहीत होतं. या कामाशी जोडून पाहिलं नव्हतं एवढंच.

13 नोव्हेंबर 1982, लास व्हेगास. रे मॅन्सिनी लाइटवेटचा विजेता. समोर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू. आव्हानवीरांच्या यादीत वर, पण अमेरिकेत त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. वजनात बसायला त्याला झगडावं लागलं होतं. लढत एकतर्फी नव्हती, तेरा फेऱ्या तो देत होता आणि घेत होता. चौदाव्या फेरीच्या 19 व्या सेकंदाला लढत थांबली. मेंदूत रक्तस्राव. शस्त्रक्रिया झाली. काही दिवसांत तो गेला. त्यानंतर एका संघटनेने किताबाच्या लढती पंधरावरून बारा फेऱ्यांवर आणल्या आणि दशक संपेपर्यंत बाकीच्यांनीही आणल्या.

आम्ही गंमत म्हणून निवडलेली 47 मिनिटं, ती त्याच्यामुळे 47 आहेत. अवचित मिळालेल्या संधींवर दीड महिना काम केलं आणि यादीत तो नव्हता, कारण तो जिंकला नाही. वेपनरही जिंकला नव्हता, पण तो घरी गेला.

12 जून

रात्रभर डोक्यात 19. वेपनरचे उरलेले 19, किमचे झालेले 19. सकाळी मी सुचवलं: बारावी फेरी 19 सेकंदांची करू. सुरू होते, तुटते, संपला कार्यक्रम. 44 मिनिटं 19 सेकंद. मैत्रीण काही बोलली नाही.

सर बोलले. "वेपनरवर कर कारागिरी. तो हसेल. याच्यावर नको."

मी दुपारपर्यंत चिडून होतो. मग बसून साधी तीन मिनिटं लिहिली. तो कुठून आला, कुणाशी लढला, काय झालं, नियम कसा बदलला. 338 शब्द.

19 जून

ध्वनिमिश्रण संपलं. सहा वेळा बारावी फेरी वाचली, चौथी घेतली. तिच्यात दोन मिनिटांच्या आसपास माझी खुर्ची वाजते. मैत्रीण काढून देते म्हणाली, मी नको म्हटलं, पुन्हा ऐकल्यावर काढ म्हटलं. काढली.

"अजून मूठ नीट वळत नाही तुझी" हे सरांचं वाक्य सुरुवातीला राहिलं. वादात मी हरलो.

बादलीवालं स्टूल अखेर लाकडी पाटावर ओढून घेतलं, आता पटतं. तिसऱ्या विश्रांतीत घंटा जरा मोठी आहे, हेडफोनवर दचकायला होतं, दोन डेसिबल खाली आणायची. बारावीनंतर घंटा नाही.

लांबी 47 मिनिटं. सरांना फाइल पाठवली. तासाभराने फोन: लॉफ्रनचा उच्चार एके ठिकाणी 'लाफरन' झालाय, तेवढं परत वाच. बाकी काही नाही म्हणाले. मग म्हणाले, फाइलचं नाव अजून 'नशिबाचा फोन शेवटचं 3' आहे, ते तरी बदल.